कमी खर्चात ट्रायथलॉनची सायकल: जुनी रोड बाइक की जुनी ट्राय बाइक? आणि सरावाचे वेळापत्रक

दीर्घश्वास
नमस्कार. मी बरीच वर्षे नियमित धावतो आणि आता ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनची, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे यांची तयारी सुरू करायची आहे. स्पर्धेत दुसऱ्या सायकलस्वाराच्या आडोशाने चालवण्यास परवानगी नाही आणि मार्ग बहुतांशी सपाट आहे. नवी ट्राय बाइक, म्हणजे पुढे वाकून बसण्याच्या बेताने ट्रायथलॉनसाठी बनवलेली सायकल, माझ्या आवाक्यात नाही, म्हणून वापरलेली सायकल घेऊन ती स्वतः सुधारावी असा विचार आहे. एक पर्याय कार्बन फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) असलेल्या ॲल्युमिनियमच्या रोड बाइकचा आहे, तिच्या मागच्या चाकाला १० गिअरची कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) आहे. दुसरी सायकल साधारण त्याच किमतीत मिळणारी, पण बरीच जुनी, कार्बनची ट्राय बाइक आहे. यांपैकी कोणती घ्यावी, उरलेले पैसे आधी कशावर खर्च करावेत आणि आठवड्याला आठ तास मिळत असतील तर ते तीन खेळांत कसे विभागावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पोहणे मला येते, परंतु ४०० मीटरनंतर दम लागतो.

चाकजोडणी
पहिल्या स्पर्धेसाठी मी रोड बाइकच सुचवेन, आणि त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि त्या अडथळ्याचा मोठा भाग सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० वरून ३३ किलोमीटरवर जाताना वेग १० टक्केच वाढतो, पण हवेविरुद्ध लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कमी पैशांत वेग हवा असेल, तर पहिला खर्च बसण्याच्या पद्धतीवर करावा. हँडलला जोडता येणारे साधे एअरोबार (कोपरे टेकवून पुढे वाकून बसण्यासाठीचे दांडे) हा त्यासाठीचा सर्वांत उपयुक्त भाग आहे.

मात्र ते नुसते बसवून भागत नाही. रोड बाइकची सीट ट्यूब (फ्रेममधली सीटखालची नळी) साधारण ७३ अंशांत कललेली असते, तर ट्राय बाइकची ७६ अंश किंवा त्याहून उभी असते. रोड बाइकवर सीट न हलवता पुढे वाकले की मांडी पोटाला भिडते, नितंबाचा सांधा आवळला जातो आणि नंतर धावताना त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून मागे न झुकणारा सरळ सीटपोस्ट (सीटचा दांडा) घ्यावा, सीट पुढे सरकवावी, तिची उंची पुन्हा मोजावी (पुढे सरकल्यावर ती किंचित वाढवावी लागते) आणि हात फार लांब जात असतील तर आखूड स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा भाग) लावावा. एअरोबार, सीटपोस्ट आणि स्टेम हे तीन भाग फ्रेमच्या तुलनेत फारच स्वस्त आहेत.

यानंतरचा खर्च टायरवर करावा. लवचिक बांधणीचे, २५ ते २८ मिलिमीटर रुंदीचे चांगले टायर आणि हलक्या ट्यूब यांनी रस्त्यावरचे घर्षण खरोखर कमी होते. हवा दगडासारखी घट्ट भरू नये, कारण खडबडीत रस्त्यावर अशी चाके उसळतात आणि वेग उलट कमी होतो. वजन कमी करण्याच्या मागे मात्र लागू नये. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो होत असतील, तर एक किलो कमी केल्याने चढावर फार तर सव्वा टक्का फरक पडतो, आणि तुमचा मार्ग तर सपाट आहे.

उभा दांडा
वरील मताशी मी बराचसा सहमत आहे, तरी ट्राय बाइक इतक्या लवकर बाद करू नये असे वाटते. तिची लांबी आणि उंची तुमच्या शरीराला जुळत असेल, तर वर सांगितलेला सगळा बदल तिच्यात आधीच केलेला असतो. फक्त जुन्या ट्राय बाइकमध्ये चाकांचा आकार आधी पाहावा. त्या काळातील अनेक सायकलींना ६५०सी म्हणजे ५७१ मिलिमीटर व्यासाच्या रिम (टायर बसवायची धातूची किंवा कार्बनची कडी) असत, आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ७००सी रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर आहे. ६५०सीचे चांगले टायर आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे तशी सायकल असेल तर ती स्वस्त वाटली तरी सोडून द्यावी.

दोन्हींपैकी कोणतीही सायकल घेण्यापूर्वी पुढील तपासणी मी आग्रहाने सुचवतो. सीटपोस्ट सैल करून वर-खाली सरकवून पाहावा. वर्षानुवर्षे न हललेला पोस्ट फ्रेममध्ये कायमचा अडकलेला असू शकतो, आणि तसे असेल तर सायकल तुमच्या मापाची करताच येणार नाही. चेनच्या एका पिनपासून मोजायला सुरुवात करून १२ पूर्ण जोड्या मोजाव्यात. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरते. ते दीड मिलिमीटरने वाढले असेल तर चेन बदलण्याची वेळ आली आहे, आणि त्याहून बरेच जास्त असेल तर कॅसेटही झिजली आहे असे धरून भाव ठरवावा. ब्रेक रिमवर लागत असतील तर रिमच्या कडेवरून बोट फिरवावे. तिथे खोलगट लागली तर चाकाचे आयुष्य संपत आले आहे. कार्बनची फ्रेम उन्हात तिरपी धरून सांध्यांपाशी भेगा शोधाव्यात. विक्रेत्याने तपासायला नकार दिला, तर व्यवहार पुढे नेऊ नये.

आणखी एक बाब पुढील खर्चाशी निगडित आहे. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या ८, ९ आणि १० गिअरच्या रोड कॅसेट साधारण एकाच प्रकारच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसतात, पण ११ गिअरची रोड कॅसेट सुमारे १.८५ मिलिमीटर जास्त रुंद असल्याने त्या हबवर बसत नाही. त्यामुळे रोड बाइक घेतल्यास १० गिअरवरच समाधान मानावे. ४० किलोमीटरच्या सपाट मार्गाला ते पुरेसे आहेत.

पाणवाट
सरावाविषयी लिहितो, कारण तुमचा वेळ सायकलीपेक्षा पाण्यात जास्त वाचणार आहे. ४०० मीटरनंतर दम लागणे हे बहुधा फुप्फुसांच्या कमकुवतपणाचे लक्षण नसते. नियमित धावणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच. बहुतेक जण डोके पाण्यात असताना श्वास रोखून धरतात आणि वर आल्यावर एकाच क्षणी श्वास सोडून पुन्हा घेण्याची धडपड करतात. पाण्यात असताना नाकातोंडातून सतत, सावकाश श्वास सोडत राहण्याची सवय लागली की ही अडचण बरीचशी सुटते. दुसरे कारण बुडणारे पाय. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्यामुळे, पाय खाली गेले की शरीर आडवे न राहता तिरके पुढे ढकलले जाते आणि सारी मेहनत वाया जाते. पोहण्यात ताकद वाढवण्यापूर्वी शरीराची ठेवण सुधारणे लाभदायक ठरते. त्यासाठी सलग अंतर पोहण्याऐवजी ५० मीटरचे तुकडे, मध्ये १५ ते २० सेकंदांची विश्रांती, आणि प्रत्येक तुकड्यात एकाच गोष्टीकडे लक्ष, अशी सत्रे करावीत. शक्यतो जाणकाराकडून एकदा पोहणे तपासून घ्यावे. मोकळ्या पाण्यात मात्र कधीही एकट्याने उतरू नये.

आठ तासांपैकी सुमारे अडीच तास तीन सत्रांत पोहण्याला, साडेतीन तास सायकलीला आणि दोन तास धावण्याला द्यावेत. धावणे तुमचे पक्के आहे. ते टिकवायला एवढे पुरते, आणि सायकलीवर कमावलेली सहनशक्ती काही अंशी धावण्यातही उपयोगी पडते. तीव्र सत्रे आठवड्याला दोनच ठेवावीत. क्रीडाशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल सहनशक्ती खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून त्यांची साधारण ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेची असतात असे मांडले आहे. ते खेळाडू आपल्यापेक्षा कितीतरी अधिक तास सराव करतात, त्यामुळे हे प्रमाण तंतोतंत पाळण्याची गरज नाही. परंतु सोपे सत्र खरोखर सोपे ठेवणे सर्वांनाच लागू पडते. दर चौथ्या आठवड्याला सराव कमी करावा.

दीर्घश्वास
तपशीलवार उत्तरांबद्दल मनापासून आभार. ट्राय बाइकच्या चाकांची चौकशी केली, ती ६५०सीच निघाली, त्यामुळे रोड बाइक घेण्याचे ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. सरावात किती वेळ एअरोबारवर राहावे? आणि सायकलीवर नेमका किती जोर लावावा, म्हणजे १० किलोमीटर धावण्यापुरते पाय शिल्लक राहतील?

पाणवाट
सुरुवातीला पाच-पाच मिनिटे, रिकाम्या आणि सरळ रस्त्यावर. वर्दळीत नाही, कारण एअरोबारवर हात ब्रेकपासून दूर असतात. मान आणि खांदे न दुखता तासभर राहता येत नसेल, तर हातांखालचे पॅड वर घ्यावेत. टिकवता येणारी उंच बैठक ही न टिकणाऱ्या खोल बैठकीपेक्षा वेगवान ठरते.

जोर ठरवण्यासाठी, पुरेशी तयारी झाल्यावर, २० मिनिटे जास्तीत जास्त पण एकसारख्या गतीने सायकल चालवून पाहावी. पॉवर मीटर (पायांची शक्ती मोजणारे उपकरण) असेल तर त्या २० मिनिटांतील सरासरी शक्तीच्या ९५ टक्के ही तासाभराच्या क्षमतेची अंदाजे मर्यादा मानतात. पहिल्या स्पर्धेत तिच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहावे. मीटर नसेल तर तुटक वाक्ये बोलता येतील इतपत श्वास ठेवावा. आठवड्यातून एकदा सायकलीवरून उतरताच १५ मिनिटे धावावे. पहिल्या किलोमीटरमध्ये पाय जड वाटतात, तेव्हा पावले आखूड आणि झपाझप टाकावीत.

चाकजोडणी
निवड योग्य झाली. स्पर्धेआधी हँडलच्या आणि एअरोबारच्या उघड्या टोकांना बुचे लावायला विसरू नका. ती नसतील तर तपासणीत सायकल अडवली जाऊ शकते. ट्रांझिशनमध्ये (एका खेळातून दुसऱ्या खेळात जाण्याच्या जागी) हेल्मेटचा पट्टा लावल्यानंतरच सायकलीला हात लावावा आणि परतल्यावर ती जागेवर टांगल्यानंतरच पट्टा सोडावा. ही क्रिया घरी इतक्या वेळा करा की दमलेल्या अवस्थेतही ती आपोआप घडेल.