मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये तपकिरी थर, सायकल (अमोनिया-नायट्राइट संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार होणं) अजून अर्धवट

नमस्कार मंडळी, नागपुरात घरी पहिल्यांदाच मरीन टँक (समुद्री माशांचा) लावलाय, 150 लिटरचा, आज 24 वा दिवस. मासा एकही टाकला नाही, फक्त ड्राय रॉक, वाळू आणि बाटलीतले बॅक्टेरिया, अमोनियासाठी चिमूटभर फिशफूड टाकत होतो. अमोनिया आता शून्य दाखवून राहिलाय पण नायट्राइट 2 च्या खाली यायला तयार नाही, नायट्रेट 20. सॅलिनिटी (खारेपणा) 1.025.

खरी काळजी वेगळीच आहे, चार दिवसांपासून वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर येऊन राहिलाय, बोटाने पुसला की पिठासारखा सुटतो अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. डायटमच (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) असावेत असं वाटते. सुरुवातीला बोअरचं पाणी वापरलं होतं, सिलिकेट त्यातूनच आलं असेल का? आता आरओचं भरतो, पण साध्या घरगुती आरओतून सिलिकेट पूर्ण जाते का, की डीआय (आरओनंतर उरलेले क्षार काढणारा रेझिन फिल्टर) लावावंच लागेल?

त्यात इथली गर्मी, कूलर चालू असूनही पाणी 30 डिग्रीवर जाते आणि रोज दीड-दोन लिटर उडते, ते गोडं पाणी टाकून भरतो. लाइट आठ तासांवरून चारवर आणलाय. नायट्राइट शून्य होईपर्यंत पाणी बदलू का तसंच राहू देऊ? अन् हा थर खाणाऱ्या गोगलगायी कधी सोडायच्या? पोरगी रोज क्लाउनफिशचं विचारते, पण घाईत जीव मारायचा नाही मला. ज्यांनी उन्हाळ्यात टँक सायकल केलाय त्यांनी प्लीज सांगा.