डेट्रॉइटचा तेरावा मतदारसंघ: ठाणेदार जिंकले, की बाकीचे आपसात हरले?

तळटीप (धागाकर्ता):

श्री ठाणेदारांबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं जातं ते सगळं एकाच सुरात असतं. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मुलगा 1979 मध्ये अमेरिकेत जातो, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवतो, कंपन्या काढतो, एकदा पार बुडतो, पुन्हा उभा राहतो आणि 2023 च्या जानेवारीत खासदार म्हणून शपथ घेतो. (खासदार म्हणजे अमेरिकेच्या संसदेतला; तिला काँग्रेस म्हणतात. हाताच्या पंजाशी संबंध नाही.) मलाही अभिमान आहे. पण ज्या जागेवरून ते निवडून आले तिचा इतिहास आपल्यापैकी कुणी वाचलाय का?

1954 साली चार्ल्स डिग्ज या तरुणाने प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, विद्यमान खासदाराला पाडलं आणि मिशिगनमधून संसदेत जाणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. दुसऱ्याच वर्षी एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुन्यांचा खटला बघायला तो मिसिसिपीत कोर्टात जाऊन बसला. त्या काळात तिथे काळ्या खासदाराने जाणं म्हणजे जिवावरचं काम. 1964 मध्ये शेजारच्या मतदारसंघातून जॉन कॉनिअर्स शे-सव्वाशे मतांनी प्रायमरी जिंकले आणि पुढे जवळपास 53 वर्षं हलले नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टीचं विधेयक मांडणारे हेच कॉनिअर्स, आणि बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना आपल्या डेट्रॉइटच्या कार्यालयात नोकरी देणारेही हेच.

1955 पासून डेट्रॉइटला किमान एक कृष्णवर्णीय खासदार होताच, बराच काळ दोन होते. ही साखळी 2023 मध्ये तुटली. 2020 च्या जनगणनेत शहरातले चारात तीन लोक कृष्णवर्णीय आहेत, हे लक्षात घ्या.

आता 2022 ची ऑगस्टमधली प्रायमरी बघू. डेमोक्रॅटिक पक्षाचे नऊ उमेदवार. ठाणेदारांना सुमारे 28 टक्के, दुसऱ्या क्रमांकावरच्या अ‍ॅडम हॉलिअर या कृष्णवर्णीय उमेदवाराला 24 च्या आतबाहेर. अंतर चारेक हजार मतांचं. हा डेमोक्रॅटांचा गड, त्यामुळे इथे त्यांची प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची मुख्य निवडणूक ही औपचारिकता. म्हणजे प्रायमरीला आलेल्यांपैकी बहात्तर टक्क्यांनी ज्यांना मत दिलं नाही ते खासदार झाले. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, मतविभागणी. माझं म्हणणं एवढंच की हा विजय कायदेशीर आहे, पण आपण ज्या थाटात तो मिरवतो तसा तो नाही. एका समाजाने सत्तर वर्षांत कमावलेली जागा त्यात गेली, याची निदान जाणीव असावी.

बेळगावचा_कुंदा:

आला का पोटशूळ! मराठी माणूस कुठे वर गेला की पहिला दगड मराठी माणसाचाच.

28 टक्के म्हणता, मग 2024 चं का नाही सांगितलंत? तेव्हा प्रायमरीत साधारण 55 टक्के मिळाले. नगरसेविका मेरी वॉटर्स समोर होत्या, त्या स्वतः कृष्णवर्णीय, शहरात ओळखीच्या, तरी त्यांच्या दुपटीहून जास्त. दोन वर्षं काम बघून लोकांनी पुन्हा निवडलं. आता कुठे गेली मतविभागणी?

आणि "समाजाची जागा" ही काय भानगड? जागा मतदारांची असते.

आठ_मैल_उत्तर:

मी ट्रॉयला राहतो, डेट्रॉइटच्या उत्तरेला, वीस वर्षं झाली. नावातलं आठ मैल म्हणजे एट माइल रोड, शहराची उत्तर हद्द. कित्येक वर्षं ती गोऱ्या आणि काळ्या वस्तीमधली रेघ मानली गेली. आपली मंडळी जवळजवळ सगळी रेघेच्या या बाजूला किंवा पश्चिमेला: ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स. गणपतीत "आपला खासदार, आपला खासदार" चालतं तेव्हा मी हळूच विचारतो, तेराव्यात मत कुणाचं आहे? हात वर होत नाहीत. त्यामुळे अभिमान आपला आणि खासदार दुसऱ्यांचा, अशी गंमत आहे.

2018 ला ते गव्हर्नरपदाला उभे होते तेव्हा राहत होते अ‍ॅन आर्बरला. टीव्ही लावला की तेच. राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात त्यांना चांगली मतं पडली होती. पुढे शहरात राहायला आले आणि 2020 मध्ये तिथूनच राज्याच्या विधानसभेवर गेले. म्हणजे 2022 ला आभाळातून पडले असं नाही. पण पैसाही स्वतःचा, भरपूर, हेही खरं. दोन्ही सांगावं.

आकडेमोड:

धागाकर्त्याचं मतविभागणीचं म्हणणं बरोबर आहे, पण पुरावा चुकीच्या निवडणुकीतून घेतलाय. खरा पुरावा 2018 चा.

कॉनिअर्स यांनी लैंगिक छळाच्या आरोपांनंतर डिसेंबर 2017 मध्ये राजीनामा दिला. जागा रिकामी. 2018 च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन प्रायमरी झाल्या: एक उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. तोच मतदारसंघ, तेच मतदार. छोट्या मुदतीच्या यादीत चार उमेदवार होते, तिथे डेट्रॉइट नगर परिषदेच्या कृष्णवर्णीय अध्यक्ष ब्रेंडा जोन्स जिंकल्या. मोठ्या मुदतीच्या यादीत सहा होते, त्यात शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग यांचं नाव लावणारा मुलगाही. तिथे रशिदा तलैब जिंकल्या, सुमारे 31 विरुद्ध 30 टक्के. हजाराच्या आतला फरक. जोन्सबाई पाचेक आठवडे खासदार राहिल्या आणि तलैब पॅलेस्टिनी वंशाच्या पहिल्या महिला खासदार म्हणून जगभर गाजल्या. दोन जास्तीची नावं, आणि निकाल उलटा. प्रयोगशाळेत केला असता तरी इतका स्वच्छ प्रयोग जमला नसता.

पण पुढचं ऐका. 2020 ला तलैब विरुद्ध जोन्स अशी सरळ लढत झाली आणि तलैब यांनी दोन तृतीयांश मतं घेतली. म्हणजे विभागणीने आत शिरलेला उमेदवार दोन वर्षांत पाय रोवतो. ठाणेदारांचंही 2024 ला तेच झालं. त्यामुळे कुंदाभाऊ, 55 टक्के हे 28 टक्क्यांना उत्तर नाही. ते 28 टक्क्यांचं व्याज आहे.

टेक्सास आणि जॉर्जियात प्रायमरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांची पुन्हा लढत लावतात. मिशिगनमध्ये ते नाही.

बेळगावचा_कुंदा:

व्याज म्हणे. मुद्दलसुद्धा मतदारांनीच दिलं ना? आणि टेक्सासचा नियम मिशिगनला नाही यात ठाणेदारांची चूक काय?

खडूस_काका:

सगळे भाबडे आहात. कृष्णवर्णीय नेतृत्वाने ही जागा स्वतःच्या हाताने घालवली.

डिग्ज यांचंच बघा. कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाचे पहिले अध्यक्ष, माणूस मोठा. पण कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांचे पगार वाढवून त्यातून आपली बिलं भागवली म्हणून 1978 च्या ऑक्टोबरमध्ये दोषी ठरले. नोव्हेंबरमध्ये याच डेट्रॉइटने त्यांना दणदणीत मतांनी पुन्हा निवडून दिलं! 1980 ला राजीनामा. मग क्रॉकेट, मग बार्बरा-रोझ कॉलिन्स, मग कॅरोलिन किलपॅट्रिक. या शेवटच्या बाई 2010 ला प्रायमरीत हरल्या, कारण मुलगा क्वामे महापौर असताना त्याने जे दिवे लावले त्याचा धूर आईच्या डोळ्यांत गेला.

कॉनिअर्स जाताना काय म्हणाले? माझी गादी माझ्या मुलाने चालवावी. तो 2018 ला पुरेशा वैध सह्याच देऊ शकला नाही. पुतण्याचा मुलगा उभा राहिला, तो पडला. 2022 ला मुलगा पुन्हा आला आणि त्या नऊ जणांत एक आकडा वाढवून गेला. 53 वर्षं वडाखाली दुसरं झाड वाढू दिलं नाही, मग वड पडल्यावर ऊन लागतं म्हणून रडायचं कशाला?

तळटीप:

काका, घराणेशाहीबद्दल वाद नाही. पण एक विसरलात. 2022 च्या सुरुवातीला वेन काउंटीचे (डेट्रॉइट ज्या जिल्ह्यात येतं त्याचे) प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांची समिती बसली, सगळ्यांच्या मुलाखती घेऊन एक नाव ठरवलं: हॉलिअर. बाकीच्यांनी माघार घ्यावी अशी अपेक्षा होती. तरी नऊ जण उभे राहिलेच. म्हणजे धोका दिसत होता, प्रयत्नही झाला.

खडूस_काका:

समितीने ठरवायचं आणि लोकांनी ऐकायचं, हे आपल्याला ओळखीचं नाही का वाटत?

सई_म:

काकांच्या वडावर माझा आक्षेप आहे, तो वड आपोआप पडला नाही. 1950 ला डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, 2020 ला सहा लाख एकोणचाळीस हजार. आधी महामार्गासाठी ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या काळ्यांच्या वस्त्या पाडल्या, गोरे उपनगरांत गेले, 1967 च्या दंगलीनंतर तर रांगच लागली, मग कारखाने, आणि शेवटी ऐपत असलेले कृष्णवर्णीयही एट माइल ओलांडून गेले. साठच्या दशकात मिशिगनचे 19 खासदार होते, आता 13. शहर आटलं की मतदारसंघाला माणसं भरायला उपनगरं ओढावी लागतात.

2022 चा नकाशा नव्या नागरिक आयोगाने काढला. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच अपक्ष. हेतू चांगला. राजकारण्यांनी बंद खोलीत नकाशे काढू नयेत म्हणून 2018 ला लोकांनीच मतदान करून आयोग आणला. पण डेट्रॉइटची मतं उपनगरांत वाटली गेली आणि शहराच्या दोन्ही मतदारसंघांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. तेराव्यात हायलंड पार्क आणि हॅमट्रॅमकबरोबर श्रीमंत ग्रोस पॉइंटही आहे आणि दक्षिणेकडचं टेलरही. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या, कृष्णवर्णीय खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या आणि तलैब शेजारच्या बाराव्यात गेल्या, म्हणून तेराव्यात कुणीच विद्यमान नव्हतं. तेव्हा नऊ उमेदवार उभे राहिले ते हावरटपणामुळे नाही, जागा मोकळी होती म्हणून.

याच आयोगाने काढलेले डेट्रॉइट भागातले विधिमंडळाचे 13 मतदारसंघ डिसेंबर 2023 मध्ये संघीय न्यायालयाने रद्द केले, वंशाच्या आधारे आखले म्हणून. संसदेचा नकाशा त्यात नव्हता, हेही सांगते, नाहीतर कुंदाभाऊ पकडतील.

बेळगावचा_कुंदा:

पकडणारच होतो. :)

आठ_मैल_उत्तर:

आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. "भारतीय वंशाचा डेट्रॉइटचा पहिला खासदार" म्हणताना जरा थांबा. 2010 ला कॅरोलिन किलपॅट्रिक यांना हरवणारे हॅन्सन क्लार्क. त्यांचे वडील सिल्हेट भागातले, अखंड हिंदुस्थानातून आलेले बंगाली मुसलमान, आई कृष्णवर्णीय. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवलं. बंगाली म्हणायचं, काळे म्हणायचं, की दोन्ही? डेट्रॉइटने हा प्रश्न न विचारता निवडून दिलं. दोनच वर्षांत नकाशा बदलला, ते शेजारच्या चौदाव्यातून उभे राहिले आणि गॅरी पीटर्स या गोऱ्या उमेदवाराकडून प्रायमरीत हरले. तो मतदारसंघही कृष्णवर्णीय बहुसंख्येचा होता! पुढे महापौर झालेले माइक डग्गन गोरे, 2013 ला मतपत्रिकेवर नाव नसताना लोकांनी हाताने नाव लिहून त्यांना प्रायमरी जिंकून दिली. म्हणजे इथला मतदार कातडी बघून मत देतो असं गृहीत धरणं हाच मला तरी अपमान वाटतो.

तळटीप:

हा मुद्दा लागला. पण उलटंही बघा. 2022 ला मिशिगनमधून एक कृष्णवर्णीय खासदार निवडून आलाच, जॉन जेम्स, रिपब्लिकन, शेजारच्या मॅकोम काउंटीकडून. डेट्रॉइटमध्ये कुणी "चला, साखळी टिकली" म्हटलं नाही. म्हणजे प्रश्न कातडीचा नव्हताच. डिग्ज मिसिसिपीच्या कोर्टात जाऊन बसले, त्या प्रकारच्या प्रतिनिधित्वाचा आहे. कुणाचा माणूस तिथे बसलाय, याचा.

बेळगावचा_कुंदा:

मेम्फिसचे स्टीव्ह कोहेन गोरे, ज्यू. 2006 ला पंधरा उमेदवारांच्या गर्दीत 31 टक्क्यांनी जिंकले, मतदारसंघ कृष्णवर्णीय बहुसंख्येचा, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच मोठ्या फरकाने. त्यांना कुणी जागा चोरली म्हणतं का?

आकडेमोड:

म्हटलं होतं की. पुढच्या काही प्रायमरींतही म्हणत होते. कृष्णवर्णीय खासदारांच्या गटात सामील व्हायची इच्छा त्यांनी दाखवली, तेव्हा तुम्ही बसत नाही असं स्पष्ट कळवलं गेलं. तरी मतदारांनी ठेवलं. तुमचं उदाहरण दोन्ही बाजूंना कापतं.

जाता जाता, या मतदारसंघाचा खरा शाप मतविभागणी नसून सह्या आहेत. उमेदवारीला हजार वैध सह्या लागतात, फक्त हजार. 2014 ला खुद्द कॉनिअर्स यांचं नाव सह्या गोळा करणाऱ्यांच्या घोळामुळे यादीतून उडालं, संघीय न्यायालयाने परत घातलं. 2018 ला मुलाचं उडालं ते उडालंच. आणि 2024 ला ठाणेदारांना ज्याची खरी भीती होती त्या हॉलिअरचंही सह्या कमी भरल्यामुळे उडालं. म्हणून ते 55 टक्के वाचताना समोर कोण नव्हतं तेही वाचा.

बेळगावचा_कुंदा:

ज्याला हजार सह्या धड गोळा करता येत नाहीत त्याने सात लाख लोकांचं प्रतिनिधित्व करावं का, हा प्रश्न मी विचारला तर मी वाईट?

सई_म:

नाही, या प्रश्नावर मी तुमच्याबरोबर आहे. पण मग 2014 ला कॉनिअर्सना परत यादीत घालायला नको होतं, हेही म्हणा.

खडूस_काका:

म्हणतील, म्हणतील. ते चिकोडीचे नव्हते ना.