‘मायकोरायझाचे प्रमाण’ म्हणजे नेमके कशाचे?

पुळणकाठ : कोकण-गोव्यातील वाळूच्या टेकड्यांवरच्या मर्यादवेलीबद्दल मराठीत लिहिताना मायकोरायझाला, म्हणजे मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला, ‘मूळकवक’ म्हणावे की ‘कवकमूळ’? आणि ‘पावसाळ्यात मायकोरायझाचे प्रमाण वाढते’ हे वाक्य चालेल का?

तंतुजाल : कवकमूळ. ‘मायकोरायझा’ हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँकने १८८५ साली घडवलेला शब्द बुरशीचे नाव नाही. बुरशी आणि मूळ मिळून जे बनते त्याचे आहे. ‘मूळकवक’ म्हटले की मूळकूज करणारी बुरशीही त्यात येते.

खरी अडचण ‘प्रमाण’ या शब्दाची आहे. मोजतात दोन वेगळ्या गोष्टी. वसाहत, म्हणजे मुळाच्या लांबीपैकी किती टक्के भागात बुरशी आहे. आणि बीजाणूसंख्या, म्हणजे १०० ग्रॅम वाळूत किती बीजाणू आहेत. पावसात वेलीला नवी मुळे फुटतात, वेल साखर खाली पाठवते आणि बुरशी मध्यत्वचेच्या (मुळाच्या सालीखालच्या थराच्या) पेशींत शिरून बारीक फांद्या फोडते. हे अर्बस्क्यूल. फॉस्फरसची देवघेव इथेच होते, आणि प्रत्येक अर्बस्क्यूल जेमतेम काही दिवस टिकतो. पुढे वाळू सुकली, वाढ मंदावली की बुरशी आपला साठा बीजाणूंत भरते. म्हणून बीजाणू बहुतेकदा पावसाळा सरल्यावर वाढलेले दिसतात. पावसाळ्यात ते कमी मिळाले म्हणून बुरशी नाही असे लिहू नये. त्या वेळी ती मुळांत असते. हंगामाबद्दलच्या वाक्यात ‘वसाहत’ की ‘बीजाणूसंख्या’ हे लिहाच.

चाळणी : आकडा कसा काढला हेही पाहा. वाऱ्याने आलेला वरचा सुका थर बाजूला सारून मुळांभोवतीची वाळू घ्यावी. मुळे उपटू नयेत, खणून काढावीत. ओढली की बारीक मुळे वाळूतच राहतात आणि वसाहत मुख्यतः त्यांतच असते. मुळांतली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसावी म्हणून मुळांचे १ सें.मी.चे तुकडे १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९०° सें.ला साधारण तासभर ठेवावेत; कोवळ्या मुळांना कमी. जास्त वेळ झाला तर मध्यत्वचा सुटून जाते आणि वसाहत खोटी कमी दिसते. मग धुऊन १% हायड्रोक्लोरिक आम्ल आणि शेवटी ०.०५% ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग. आम्ल टाळले की रंग नीट धरत नाही. आडव्या भिंतींचे तंतू दिसले तर सावध राहा, ते बहुधा दुसऱ्याच बुरशीचे असतात.

बीजाणूंसाठी वाळू पाण्यात ढवळून काही सेकंद बसू द्यावी, वरचे पाणी २५०, १०० आणि ४५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून ओतावे. फुटकी, रिकामी कवचे मोजली की संख्या फुगते.

पुळणकाठ : आणि शेतकरी खत म्हणून वापरतात त्या बुरशीचा ‘व्हॅम’ (व्हेसिक्युलर अर्बस्क्युलर मायकोरायझा) हा शब्द?

तंतुजाल : खताच्या पिशवीबद्दल बोलताना चालेल. वाळूच्या टेकड्यांबद्दल लिहिताना ‘एएम’ (अर्बस्क्युलर मायकोरायझा) बरे. ‘व्हॅम’मधला ‘व्ही’ मुळांतील पुटिकांसाठी (बुरशीच्या साठ्याच्या फुगीर पिशव्यांसाठी) आहे, आणि किनाऱ्याच्या वाळूत सापडणाऱ्या गिगास्पोरासारख्या प्रजाती मुळांत पुटिका करतच नाहीत.