मदत हवी आहे: 'औषधाचं पाणी' नको म्हणणाऱ्यांचा खरा आक्षेप कसा शोधायचा?

विषय घरगुती पाण्यात क्लोरीन टाकण्याच्या प्रचाराचा आहे. सर्वेक्षणात जवळपास सगळेच "हो, टाकतो" म्हणतात. डीपीडी गोळीने (पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी तपासणी-गोळी) तपासलं तर बऱ्याच घरी पाणी गुलाबी होत नाही, म्हणजे क्लोरीन शिल्लकच नाही. पाहुण्याला आवडेल ते उत्तर द्यायचं, हा जुनाच घोळ.

तांत्रिक बाजू ठाऊक आहे: मात्रा टाकल्यावर किमान 30 मिनिटं थांबायचं, त्यानंतर मुक्त क्लोरीन (जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं) लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या आसपास आणि पिण्याच्या वेळी निदान 0.2 उरायला हवं. गढूळ पाण्यात सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते आणि वास उलट वाढतो. म्हणून आधी फडक्याने गाळून, निवळू द्यायचं. पण "जंतू मरतात" हे पत्रक वाटून वासाची तक्रार जात नाही, आणि "याने मूल होत नाही" ही कुजबुज तर मुळीच नाही. तिचं मूळ बहुधा रसायनात नसतं. सांगणाऱ्यावरच्या अविश्वासात असतं.

तर विचारायचं असं:

"तुम्ही टाकता का?" याऐवजी "शेजारचे लोक का टाकत नसतील?" असं विचारल्याने खरी कारणं बाहेर येतात का? गटचर्चेत 6 ते 8 जणी असल्या तरी सासवा-सुना एकत्र बसवल्या की सुना गप्प होतात. वेगळे गट करताना घरच्यांचा संशय कसा टाळता? आणि अफवेचं नाव घेऊन खंडन करावं, की त्याने ती आणखी पसरते?

प्रश्नावलीचा नमुना असल्यास फारच उत्तम.