सल्ला हवा: नाकावरची गाठ किती आक्रमक आहे, हे ऑपरेशनआधी कळतं का?

आर्या_७१: आईच्या नाकपुडीच्या कडेला मोत्यासारखी चकाकणारी बारीक गाठ आहे. खपली धरते, निघाली की रक्त येतं. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) आला, प्रकार नोड्युलर, म्हणजे गाठीसारखा. गाठ काढून त्याच वेळी फ्लॅप फिरवू, म्हणजे शेजारची त्वचा वळवून जखम झाकू, असं सर्जन म्हणाले. ती आत किती पसरली असेल, याचा अंदाज आधी घेता येतो का? कुठली तपासणी मागू?

मेधा: घाबरू नका, हा कॅन्सर शरीरात इतरत्र क्वचितच जातो. पण जागच्या जागी खोल शिरतो, म्हणून नाक, पापण्या, कान इथे जपावं लागतं. नोड्युलर हा तसा सौम्य प्रकार. मात्र पंच बायोप्सीचा (गोल पात्याने काढलेला) तुकडा साधारण ३-४ मिमीचा असतो. उरलेल्या गाठीत इन्फिल्ट्रेटिव्ह किंवा मायक्रोनोड्युलर, म्हणजे जास्त आक्रमक भाग असला तर तो सुटू शकतो. स्लाइड्स डर्मॅटोपॅथॉलॉजिस्टला (त्वचेचे नमुने तपासणाऱ्या तज्ज्ञाला) पुन्हा दाखवाच.

त्वचाविद्यार्थी: डर्मोस्कोपी (प्रकाशाच्या भिंगातून त्वचेची तपासणी) करून घ्या. जाड, फांद्या फुटलेल्या ठळक रक्तवाहिन्या नोड्युलरमध्ये दिसतात. त्याऐवजी पांढरट, व्रणासारखा भाग, बारीक विखुरलेल्या वाहिन्या आणि कुठे संपते ते न कळणारी कडा दिसली तर मॉर्फिया या आक्रमक प्रकाराची शंका घ्यायची. खोलीसाठी हाय-फ्रिक्वेन्सी अल्ट्रासाउंड बरा. कन्फोकल मायक्रोस्कोपी (न कापता लेझरने त्वचेच्या पेशी बघणं) पेशी सुरेख दाखवते, पण पाव मिलिमीटरपेक्षा खोल तिला फारसं दिसत नाही.

तरी या सगळ्यातून अंदाजच मिळतो. माझं ठाम मत, नाकावर मोह्ज सर्जरीच विचारा. थर काढायचा, कडा आणि तळ तिथल्या तिथे मायक्रोस्कोपखाली बघायचा, आजार उरला असेल तेवढ्याच जागी पुढचा थर घ्यायचा. ती सोय नसेल तर कडा मोकळ्या (कॅन्सर न उरलेल्या) असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप थांबवा. आधीच फिरवला आणि खाली काही राहिलं, तर ते शोधणं फार अवघड जातं.

आर्या_७१: खूप आभार. एक राहिलं, पूर्वी तिथेच एक गाठ जाळून काढली होती. तेव्हा तपासणीला काहीच पाठवलं नव्हतं. सर्जनना हे माहीत नाही.

मेधा: अहो, हे सगळ्यात आधी सांगा! तीच गाठ परत उगवली असेल, तर प्रकार कुठलाही असो, ती जास्त जोखमीचीच धरतात. जुन्या व्रणाखाली तिची मुळं बेटांसारखी विखुरलेली असू शकतात, वरून कडा दिसते तिच्याही पलीकडे. जुने कागद, फोटो असतील तर घेऊन जा आणि व्रण नेमका कुठून कुठपर्यंत होता ते बोटाने दाखवा.