घरी वाफेचं इंजिन करायचंय, लेथ कोणता घेऊ? बजेट ३५ हजार (गुहागर)

पडवीतला_फिटर:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं डोक्यात घोळतंय ते आता करायचंच ठरवलंय. छोटं पण खरोखर वाफेवर चालणारं इंजिन. नुसतं शोकेसमध्ये ठेवायला नकोय, त्यावर सायकलचा डायनॅमो फिरवून गणपतीच्या मखरात दोन-चार एलईडी लावायचेत. पडवीत बाकडं आहे, सहा इंची व्हाइस आहे, पिलर ड्रिल, हँड ग्राइंडर, टॅप-डायचा सेट. आयटीआयला फिटर केलं होतं, नोकरी भलत्याच खात्यात लागली, त्यामुळे लेथवरचा (धातू फिरवून कातायच्या यंत्रावरचा) हात सुटलाय.
प्रश्न दोन. लेथ कोणता घेऊ, सगळं धरून ३५ हजार, त्याच्या वर जमणार नाही. आणि बॉयलर म्हणून जुना प्रेशर कुकर चालेल का, यूट्यूबवर बरेच जण करतात. बजेट बघून सांगा प्लीज.

चिपळूण_टर्निंग:
बजेट बाजूला ठेवा, लेथ माणूस आयुष्यात एकदाच घेतो. राजकोटचा साडेचार फुटी घ्या डोळे झाकून. मी घेतला त्याला जमाना झाला, अजून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो ते, बघितला तर डायल गेजचा काटा हलत नाही म्हटलं तरी चालेल. ३५ मध्ये नुसती चक (काम धरणारा जबडा) आणि टूल पोस्ट (हत्यार धरायचा खांब) येईल चांगली.

पडवीतला_फिटर:
दादा, ३५ मध्ये सगळं म्हटलंय मी.

हर्णै_बंदर:
नवीन कशाला, सेकंडहँड बघा. बंदरावरची वर्कशॉप बंद होतायत, लेथ भंगारात चाललेत. फक्त घेताना एक करा, कॅरेज (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकाच्या जवळ आणून गिब (तिची सैल कमी करायची पट्टी) टाईट करा, म्हणजे जेमतेम सरकेल इतकं, आणि मग तशीच दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे ढकला. मध्येच अडकली तर समजायचं चकाजवळचा बेड झिजलाय, कारण काम सगळं तिथेच होतं. विकणारा म्हणेल ऑइल नाही म्हणून अडकतंय. ऐकू नका, चहा प्या आणि घरी या.

चिपळूण_टर्निंग:
राजकोटचा नवीन घेतला तर हे उद्योगच नाहीत.

मालवणी_मेकॅनिक:
अरे लेथ कित्याक व्हयो तुका? पयल्यांदा वॉबलर कर. म्हणजे डुलणाऱ्या सिलिंडरचं इंजिन, त्याला व्हॉल्व्ह नाही, एक्सेंट्रिक नाही, काही नाही. सिलिंडर पिव्हटवर डुलतो, एका बाजूला गेला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, दुसऱ्या बाजूला गेला की एक्झॉस्टसमोर. पितळेचा तुकडा, ड्रिल मशिन, रीमर (भोक तंतोतंत मापाचं करायचं हत्यार) आणि कानस. पिस्टन आणि फ्लायव्हील तेवढं ट्रॉलरवाल्यांच्या टर्नरकडून घासून घे, तो चहापाण्यात करून देईल.

रत्नागिरी_७८६५:
वॉबलर म्हणजे खेळणं आहे. स्लाइड व्हॉल्व्हचं करा, म्हणजे वाफ सोडायला सरकती झडप असलेलं, खरं इंजिन पाहिजे तर. मी इंग्लंडहून स्टुअर्ट १० व्ही चा कास्टिंगचा किट मागवला होता, पाऊण इंच बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), पाऊण इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव). कस्टम्सने जे लावलं ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, पण कास्टिंग बघून डोळे निवतात.

मालवणी_मेकॅनिक:
इंजिन चालला काय?

रत्नागिरी_७८६५:
रंग चालू आहे.

सोमेश्वर_आबा:
वाफेचं इंजिन म्हटल्यावर लहानपण आठवलं. कोकण रेल्वेला सुरुवातीला वाफेची इंजिनं होती तेव्हा आमचे वडील आम्हाला बघायला न्यायचे.

हर्णै_बंदर:
आबा, कोकण रेल्वे पूर्ण झाली जानेवारी १९९८ ला, देशातली ब्रॉडगेजची वाफ त्याच्या आधीच संपली होती. तुम्हाला आगबोट म्हणायचं असेल.

सोमेश्वर_आबा:
बरोबर, आगबोटच. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून सामानासकट उतरायचं, ट्रंक पाण्यात पडली तर गेली. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७, त्यानंतर कितीतरी दिवस घरातल्या बायका पुरुषांना मुंबईला बोटीने जाऊ देत नव्हत्या असं आई सांगायची. आणि वाफेचं इंजिन आपल्याकडे हाताने करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांतला एक म्हणजे माझगाव गोदीतला अर्देशर कर्सेटजी वाडिया. एक हॉर्सपॉवरचं इंजिन केलं त्याने. १८४१ साली रॉयल सोसायटीचा फेलो झाला, पहिला भारतीय. त्याला कुठे होता यूट्यूब?

चिपळूण_टर्निंग:
त्याच्याकडे गोदीतला लेथ होता.

लोटे_बी_शिफ्ट:
लेथचं नंतर भांडा. कुकरबद्दल कोणीच बोललेलं नाही म्हणून लिहिते. एमआयडीसीत बॉयलरवर काम करते.
कुकर साधारण १ किलो प्रेशरला (म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो) शिट्टी देतो, ते आमटी-भातासाठी ठीक आहे. लोक काय करतात, शिट्टी काढतात आणि त्याच नळीला पाइप लावून वाफ इंजिनाला नेतात. म्हणजे इंजिन अडकलं किंवा नळी चोंदली की वाफेला बाहेर पडायची मुख्य वाट बंद, राहिला एकटा सेफ्टी प्लग, तो पण दहा वर्षांपूर्वीचा. पाणी वाफ झालं की सोळाशे पटीच्या वर फुगतं, आणि कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या वर तापलेलं असतं, झाकण उडालं की त्यातलं बरंचसं क्षणात वाफ होतं. माझ्या ओळखीत एकाचं झाकण पत्र्याला लागून परत खाली आलं, नशीब घरात कोणी नव्हतं.
तांब्याचा छोटा बॉयलर करा. ७५ मिमीची तांब्याची नळी, दीड-दोन मिमी जाड, दोन्ही टोकांना कडा वळवलेल्या तांब्याच्या चकत्या, आणि त्यांच्यामधून एक आडवा स्टे (दोन्ही टोकं बांधून धरणारी दांडी), नाहीतर सपाट टोक फुगतं. सांधे सगळे सिल्व्हर ब्रेझिंगचे (चांदीच्या मिश्रधातूने जोडलेले). कथलाचा सोल्डर १८३ अंशाला वितळतो, २ किलोची वाफ साधारण १३३ अंशांची, त्यामुळे पाणी असेपर्यंत टिकेल, आणि पाणी खाली गेलं की पहिला तोच सुटेल.

गॅस_चार्जिंग_खेड:
एसीवाल्याकडून करून घ्या ब्रेझिंग, आमच्याकडे रॉड असतोच. रोज तांब्याच्या नळ्याच जोडतो.

लोटे_बी_शिफ्ट:
तुमचा रॉड फॉस्फरसवाला असतो. गॅसवर किंवा स्पिरिटवर तापवणार असाल तर जमेल, दगडी कोळसा घालणार असाल तर नको, धुरातलं सल्फर त्या सांध्याला खातं. चांदीवाला रॉड आणि फ्लक्स घ्या, महाग पडेल पण थोडाच लागतो. आणि फिटिंगचे बुश पितळेचे नकोत, गनमेटलचे करा. पितळेतलं झिंक गरम पाण्यात हळूहळू निघून जातं, मग आटे नुसते दिसायला राहतात.

रत्नागिरी_७८६५:
पण बॉयलरला सरकारी परवाना लागतो ना? इन्स्पेक्टर येतो म्हणे.

लोटे_बी_शिफ्ट:
कायद्यात २५ लिटरच्या खालचा बॉयलर धरत नाहीत. यांचा अर्धा लिटरही होणार नाही. पण कायदा लागू नाही म्हणजे टेस्ट नको असं नाही. पाण्याने पूर्ण भरा, एक बुडबुडा ठेवू नका, हातपंपाने कामाच्या दुप्पट प्रेशर द्या आणि अर्धा तास गेज बघत बसा. पाणी दाबलं जात नाही त्यामुळे फुटलं तरी नुसतं गळतं. हवेने टेस्ट करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, पाण्याची पातळी दाखवणारी काच हवीच.

दापोली_माडवाला:
इंधन करवंटी वापरा. फुकट. आमच्याकडे ढीग पडलेत, या आणि घेऊन जा.

मालवणी_मेकॅनिक:
करवंटीन काजळी कितकी धरता म्हायत आसा काय? छोट्या बॉयलरची नळी चोंदून जाईल. स्पिरिटचा दिवा बरा.

दापोली_माडवाला:
कोळसा करून घ्या मग करवंटीचा. आमच्याकडे तो पण आहे. पाणी पन्हळीचं वापरा, विहिरीचं खारट असेल तर.

हिशेबी_सावंतवाडी:
एवढं सगळं झालं पण डायनॅमो फिरणार का ते कोणी बघितलं? १२ मिमी बोअर धरा, म्हणजे ११३ चौरस मिमी. २ किलोला पिस्टनवर जोर आला साधारण सव्वादोन किलो. स्ट्रोक २४ मिमी आणि मिनिटाला ६०० फेरे धरले तर कागदावर पाच वॅटच्या थोडं वर. छोट्या इंजिनात वाफ सिलिंडर तापवण्यातच जाते, एक वॅट हातात आला तरी पेढे वाटा. सायकलचा डायनॅमो ६ व्होल्ट ३ वॅटचा, तो इंजिनाला उभं करून ठेवेल. जुन्या टेपरेकॉर्डरमधली डीसी मोटर लावा, बाहेरून फिरवली की तीच वीज देते, एलईडीला पुष्कळ झालं.
आणि वॉबलर करणार असाल तर भोकं डोळ्याने मारू नका. क्रँक १२ मिमी (स्ट्रोकच्या निम्मा) आणि पिव्हट ते क्रँकशाफ्ट ५० मिमी धरलं तर सिलिंडर दोन्ही बाजूला १४ अंश डुलतो. पिव्हटपासून २० मिमीवर भोक असेल तर ते मधल्या रेषेपासून ४.८ मिमी इकडे आणि ४.८ तिकडे जातं. फ्रेमवर तिथेच मार्क करून ३ मिमीचं ड्रिल मारा, म्हणजे मधे सिलिंडर सरळ असताना दोन्ही भोकं बंद राहतात. भोकं मोठी केली तर वाफ सरळ एक्झॉस्टला जाईल आणि तुम्ही लेथला शिव्या द्याल.

पडवीतला_फिटर:
हे सोन्यासारखं आहे, धन्यवाद हिशेबीभाऊ. आणि ताई तुमचेही, कुकर रद्द.
आता एक सांगायचं राहिलं. आमचं घर पाखाडीच्या खाली आहे. गाडी वरच्या रस्त्यावरच थांबते, तिथून जांभ्याच्या पायऱ्या, आणि पावसात त्यावर शेवाळ. राजकोटचा चार-पाचशे किलोचा लेथ कोण उतरवणार? एका हॉबीवाल्याकडे सात बाय चौदा इंची चिनी मिनी लेथ आहे, चाळीसेक किलोचा, दोघं जण सहज उचलतात. फक्त चेंज गिअरचा (फीडचा वेग बदलायच्या सुट्या चाकांचा) डबा हरवलाय, म्हणून ३६ ला देतोय.

चिपळूण_टर्निंग:
चुकूनही घेऊ नका. चेंज गिअर नाहीत म्हणजे थ्रेडिंग (लेथवर आटे पाडणं) नाही आणि ऑटो फीडही (हत्यार आपोआप सरकणं) नाही. हेडस्टॉकमधले गिअर प्लास्टिकचे असतात त्यात.

हर्णै_बंदर:
आणि कंट्रोल बोर्ड. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कसं नाचतं माहितीये ना, एक दिवस बोर्ड जळणार आणि लेथ टेबल होणार. त्यापेक्षा चार गडी लावा, मोठा लेथ सुटा करून उतरवा. आमच्याकडे बोटीचं इंजिन उतरवतात तसं.

रत्नागिरी_७८६५:
मिनी लेथ म्हणजे पैसे समुद्रात. किट मागवा, कस्टम्सचं मी सांगतो कसं करायचं ते.

मालवणी_मेकॅनिक:
लेथच नको, परत सांगतंय.

हिशेबी_सावंतवाडी:
चेंज गिअर नंतर वेगळे मिळतात. पण आत्ता घेऊ नका, जरा थांबा.

पडवीतला_फिटर:
घेतला. रविवारी मी आणि भाचा दोघांनी उतरवला. आटे मला टॅप-डायनेच पाडायचेत आणि १२ मिमीचा पिस्टन टर्न करायला ऑटो फीड लागत नाही, हाताने हळू फिरवलं तर फिनिश बरीच येते. व्होल्टेजसाठी घरातला फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून लावलाय, फ्रिज थेट लावला. बेडवर तेल, वर गोधडी, आणि पावसात खाली जुना पिवळा बल्ब पेटता ठेवणार, आमच्याकडे समुद्राचा वारा सरळ पडवीत येतो.
वॉबलर करतोय. सिलिंडरचा फ्रेमला टेकणारा भाग काचेवर हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासला, वर मार्कर फिरवून परत घासलं की कुठे टेकत नाही ते दिसतं. आता कोपरा तेवढा राहिलाय. बॉयलर यंदा नाही, गणपतीला टायर भरायच्या कॉम्प्रेसरवर चालवणार.

सोमेश्वर_आबा:
मग ते वाफेचं इंजिन कसलं?

लोटे_बी_शिफ्ट:
बरोबर केलंत. आधी हवेवर फिरवा, घट्टपणा सुटला की मग वाफ. वाफेला साधं इंजिन ऑइल चालत नाही, पाण्यात मिसळून पांढरा लगदा होतो, स्टीम सिलिंडर ऑइल मागा, ४६० ग्रेड. आणि वाफ सोडल्यावर सुरुवातीला नुसतं पाणीच थुंकेल, थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. हाताने फ्लायव्हील फिरवून काढा. वॉबलर असल्याने सिलिंडर फ्रेमला टेकवून धरणारी स्प्रिंग दबून सिलिंडर जरा उचलला जातो आणि पाणी निघून जातं, स्लाइड व्हॉल्व्हला ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) नसला तर काहीतरी तुटतं.

रत्नागिरी_७८६५:
स्टुअर्टला ड्रेन कॉक वेगळे घ्यावे लागतात, बघितलं पाहिजे.

पडवीतला_फिटर:
१२ मिमीचा हँड रीमर आहे का कोणाकडे जवळपास? एका बोअरसाठी विकत घ्यायला जिवावर येतंय.

चिपळूण_टर्निंग:
आहे. उसना देत नाही. सिलिंडर घेऊन या, माझ्या लेथवर मी मारून देतो, मग बघा फरक.