चार मेमोरियल कप ब्रॅम्प्टनचे? मग शनिवारवाडा आमच्या सोसायटीचा!

केनेडीरोडकर:
काल इथे एकाने टाकलं : "स्टीलहेड्स आल्यामुळे ब्रॅम्प्टनला शंभर वर्षांची परंपरा आणि चार मेमोरियल कप असलेला संघ मिळाला. मिसिसागाकरांनी रडू नये." खाली बदामांचा पाऊस. (नवख्यांसाठी : स्टीलहेड्स हा ज्युनियर, म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांच्या पोरांचा, आइस हॉकी संघ. टोरांटोशेजारच्या मिसिसागातून तो जवळच्याच ब्रॅम्प्टनला गेला. मेमोरियल कप म्हणजे कॅनडातलं ज्युनियर हॉकीचं अजिंक्यपद.) मी हे रात्री झोपताना वाचलं, आणि झोप गेली ती गेलीच.

अहो, ते चार कप म्हणजे १९३४, १९४५, १९४७ आणि १९६१. जिंकले कुणी? टोरांटोच्या सेंट मायकेल कॉलेज शाळेच्या संघाने, 'मेजर्स'नी. बॅसिलियन पाद्र्यांची शाळा, आज बाथर्स्ट स्ट्रीटवर आहे ती. १९६१ला फादर डेव्हिड बाउर यांच्या हाताखाली पोरांनी एडमंटन ऑइल किंग्जना हरवून कप आणला. आणि पुढच्याच मोसमानंतर शाळेने दुकान बंद केलं. सामने फार, प्रवास फार, अभ्यास बुडतो म्हणून. जिंकणारा संघ अभ्यासासाठी बंद करणारे लोक! असे पालक फक्त आपल्यात असतात असं मला वाटायचं.

मग थेट १९९६. ओएचएलमध्ये, म्हणजे ऑन्टारियोच्या ज्युनियर हॉकी लीगमध्ये, त्याच नावाने नव्या संघाला मंजुरी. २००७ला तो मिसिसागात आला. २०१२ला मालक बदलले, सेंट मायकेल हे नाव गेलं आणि स्टीलहेड्स झाले. २०२४ला ब्रॅम्प्टन. आता या माळेत १९३४ कुठे ओवणार? मधली चौतीस वर्षं संघच नव्हता. १९३४चा कप ब्रॅम्प्टनचा असेल तर शनिवारवाडा आमच्या सोसायटीचा. आमचे सेक्रेटरी पुण्याचेच आहेत.

हिशेबनीस:
एवढं रागवायला काय झालं? नाव तेच, शाळा तीच, पुढे बर्फही शाळेच्या आवारातलाच. १९९६चा संघ त्याच परंपरेने उभा राहिला. खंड पडला म्हणून वारसा तुटत नाही. किर्लोस्कर मंडळी सोडून बालगंधर्वांनी १९१३ला गंधर्व मंडळी काढली, म्हणून आधीचं सगळं पुसायचं का? प्रेक्षक गाण्याला यायचे, पावतीपुस्तकाला नाही.

आणि मिसिसागाची एवढी कळकळ असेल तर तिथला हिशेबही मांडा. सतरा वर्षं संघ होता. २०११ला ओएचएलची अंतिम फेरी ओवेन साउंडकडून सातव्या सामन्यात, तीही जादा वेळेत हरले. २०१७ला ईरीने ४-१ असं गुंडाळलं. कप शून्य. मग गेला तर गेला.

पुणे३०:
आमचा काही संबंध नाही, पण कळलं ते असं : मूळ दुकान बंद, चौतीस वर्षांनी त्याच पाटीने नवीन, मग पाटी बदलली, मग गाव बदललं. आमच्याकडे अशा वेळी 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहितात आणि विषय संपतो.

केनेडीरोडकर:
हिशेबनीस, गंधर्वांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. गंधर्व मंडळीने किर्लोस्करांचे प्रयोग स्वतःच्या खात्यात धरले नाहीत. नवीन नाव घेतलं आणि स्वतःच्या गळ्यावर उभी राहिली.

आणि 'कप शून्य' म्हणताय ना? २०११चा मेमोरियल कप मिसिसागात झाला. अंतिम सामना सेंट जॉन सी डॉग्जशी, ३-१ हरलो. मी होतो तिथे, मुलगा नऊ वर्षांचा. शेवटची शिट्टी झाल्यावर तो जर्सीची बाही चावत बसला होता, निळा दोरा तोंडात. बाहेर रोझ चेरी प्लेसवर गाडी काढेपर्यंत एक शब्द बोलला नाही. ती हार आमची आहे. कुणी न्यायला येत नाही ती, बघा. फक्त कप न्यायला येतात.

बटालियनवाला:
मी ब्रॅम्प्टनचा, आणि मलाही ते चार कप नकोत. आम्हाला आमचा इतिहास आहे की! ब्रॅम्प्टन बटालियन, १९९८ ते २०१३. मालक स्कॉट ॲबट, ट्रिव्हियल पर्सूट खेळ काढणाऱ्यांपैकी एक. लष्करी हिरवा गणवेश. मिसिसागाचा जेसन स्पेझा पंधराव्या वर्षी आधी आमच्याकडे खेळला, मग तुमच्या मिसिसागाच्या आइसडॉग्ज संघाकडे गेला. मॅट डुशीन, कोडी हॉजसन आमचेच. २००९ला विंडसरसमोर अंतिम फेरीत हरलो. मग संघ उचलून नॉर्थ बेला नेला. तेव्हा मिसिसागातून एकाही मराठी माणसाचा सांत्वनाचा फोन आला नाही. आता पंधरा मिनिटांच्या अंतरावर गेला तर एवढा आक्रोश!

केनेडीरोडकर:
मान्य, फोन केला नाही. तुमचा नंबर नव्हता.

थंडीतले_आजोबा:
मंडळी, मी १९७४च्या फेब्रुवारीत टोरांटोत उतरलो. अंगात मुंबईहून शिवून आणलेला कोट, म्हणजे कोट नव्हेच तो. त्याच महिन्यात हॉकीपटू टिम हॉर्टन मोटार अपघातात गेला. आमचा घरमालक आयरिश कॅथलिक, सेंट मायकेलचा जुना विद्यार्थी. स्वयंपाकघरात रेडिओजवळ बसून रडत होता. मला वाटलं घरातलं कुणी गेलं. तो म्हणाला, हा आमच्या शाळेचा.

तुम्ही सगळे ज्याच्या नावाच्या दुकानात डबल-डबल कॉफी ढोसता, तो हॉर्टन याच मेजर्समधून पुढे आला. माहोव्हलिच, कीऑन, रेड केली, हे मोठे खेळाडू सगळे इथलेच. टोरांटोच्या व्यावसायिक संघाचे, मेपल लीफ्सचे, तेव्हा दोन झरे : कॅथलिक पोरगा सेंट मायकेलला, प्रोटेस्टंट मार्लबरोज या दुसऱ्या ज्युनियर संघाला. घरमालक आणखी एक रंगवून सांगायचा. १९६१च्या मोसमात फादर बाउर यांनी गोली, म्हणजे गोलरक्षक, जेरी चीव्हर्सला काही सामन्यांत चक्क पुढे आक्रमणात खेळवलं. गोलीला! म्हणजे कळू दे, समोरून कसं दिसतं ते.

त्याच्यासाठी १९९६चा संघ खराच होता. शाळेच्या जुन्या रिंकमध्ये नातवाला घेऊन गेला होता. मिसिसागाला मात्र कधी गेला नाही. आता तुम्हीच काय ते ठरवा.

हिशेबनीस:
आजोबा, बघा, तुमचा साक्षीदार माझ्या बाजूने. १९९६ खरा होता!

केनेडीरोडकर:
आणि २००७ खोटा होता. पूर्ण वाचा.

रिंककाठची_आई:
कप कुणाचा यावर भांडताय, पण खरी गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये येऊन गेली आणि कुणी थांबलं नाही. शाळेने संघ बंद केला तो अभ्यासासाठी. आज काय चाललंय? पंधरा-सोळा वर्षांचं पोर लीगच्या निवडीत जातं आणि चारशे किलोमीटरवरच्या गावी अनोळखी 'बिलेट' कुटुंबाकडे, म्हणजे खेळाडूला घरी ठेवून घेणाऱ्यांकडे, राहतं. ६८ सामने, रात्रीच्या बसने परत, सकाळी गणित. पगार म्हणाल तर हातखर्च. उलट २०१८ला ऑन्टारियो सरकारने या खेळाडूंना कामगार कायद्याच्या किमान मानकांतून वगळलं. तिकिटं विकतात, जर्सी विकतात, आणि पोरं म्हणे हौशी.

माझा धाकटा गोली आहे. पहाटे साडेपाचला रिंकवर, त्या बॅगेचा वास गाडीत बारा महिने. पॅडची किंमत नवऱ्याला अजून खरी सांगितलेली नाही. पण बिलेट? मी नाही पाठवणार.

हिशेबनीस:
ताई, हे अर्धंच चित्र झालं. खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे एका वर्षाच्या कॉलेज शिक्षणाचा खर्च मिळतो. आणि २०२५-२६पासून या लीगमधली पोरं अमेरिकेत एनसीएएत, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या स्पर्धांतही, खेळू शकतात, आधी बंदी होती. स्टीलहेड्सचा आधीचा कप्तान पोर्टर मार्टोनच बघा, मिशिगन स्टेटला गेला. आणि घर सोडण्याचं म्हणाल, तर सचिननेही शाळा बदलून शारदाश्रम धरली आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. तेव्हा कुणी कामगार कायदा काढला नाही.

रिंककाठची_आई:
काकू आणि बिलेट एक? काकू ताटात भाजी टाकली तर कान धरते. आणि वांद्रे ते दादर म्हणजे टिमिन्स ते विंडसर नव्हे. आई संध्याकाळी डबा घेऊन जाऊ शकत होती.

बटालियनवाला:
वसतिगृहात राहून शिकलेली अर्धी पिढी इथे बसली आहे. मी स्वतः दहावीनंतर लातूरला खोली करून राहिलो. खाणावळीची आमटी म्हणजे गरम पाण्यात हळद. मेलो नाही.

रिंककाठची_आई:
तुम्ही बारावीसाठी राहिलात. ९० किलोचा माणूस तुम्हाला रोज भिंतीवर आपटत नव्हता.

बटालियनवाला:
आमचे रसायनशास्त्राचे सर तुम्ही पाहिलेले नाहीत.

पुणे३०:
लातूर पॅटर्न विरुद्ध ओएचएल. आता खुर्ची सोडणार नाही.

हिशेबनीस:
ताईंचा खरा मुद्दा वेगळाच आहे. मराठी पालकाला रिस्क नको. पंजाब्यांकडे बघा. त्यांनी टीव्हीवरची 'हॉकी नाइट' २००८पासून पंजाबीत आणली. त्यांच्या पोरांनी हेल्मेटं चढवली. आपण शनिवारी पोराला कुमॉनच्या शिकवणीला सोडायचं आणि इथे येऊन १९३४वर निबंध लिहायचे.

रिंककाठची_आई:
तुमची मुलं खेळतात?

हिशेबनीस:
मुलगी कथक करते. त्याचा इथे काय संबंध?

रिंककाठची_आई:
काहीच नाही. पहाटे साडेपाचला रिंकवर दिसला नाहीत कधी, म्हणून विचारलं.

थंडीतले_आजोबा:
सौम्य घ्या. फादर बाउर यांनी हेच कोडं सोडवायचा प्रयत्न केला होता. १९६१च्या कपनंतर ते ब्रिटिश कोलंबियाला गेले, आणि तिथल्या विद्यापीठाच्या पोरांतून कॅनडाचा हौशी राष्ट्रीय संघ बांधला. १९६४ला ऑलिंपिकला नेला. शिक्षण आणि खेळ एकाच छताखाली. पदक मिळालं नाही, तो भाग सोडा.

केनेडीरोडकर:
माझा धागा कुठून कुठे गेला! असो. ताईंशी सहमत, पण मूळ प्रश्न तिथेच आहे. उत्तर हवं असेल तर आइसडॉग्ज घ्या. १९९८ला मिसिसागात आले, टीव्हीवरचे हॉकी समालोचक डॉन चेरी सहमालक, बिल्ल्यावर त्यांचा बुल टेरियर कुत्रा. पहिल्या मोसमात ६८पैकी ४ विजय. २०००-०१ला तर ३. मी त्या वर्षी पाच सामने पाहिले, एकही जिंकलेला नाही, तरी सहाव्याला जाणार होतो, बायकोने तिकीट लपवलं. युरोपातली पोरं नकोत हा चेरींचा सुरुवातीचा हट्ट, त्याचं फळ. २००७ला ते नायगाराला गेले, त्याच वर्षी मेजर्स इकडे आले. आता सांगा, त्या ३ विजयांचा वारसदार कोण? नायगारावाले? की मी, ज्याने पार्किंगचे पैसे भरले?

हिशेबनीस:
कागदोपत्री नायगारा.

केनेडीरोडकर:
वाटलंच. घेऊन जा म्हणावं.

हिशेबनीस:
ठीक आहे, शेवटचं लिहितो, उद्या ऑफिस आहे. १९३४ ब्रॅम्प्टनचा नाही, मान्य. ते पोस्ट टाकणाऱ्याने जरा जास्तच ताणलं. पण १९९६पासूनचं सगळं या संघाचंच आहे, मग तो मिसिसागा-ब्रॅम्प्टन जोडणाऱ्या केनेडी रोडच्या कुठल्याही टोकाला खेळो. आणि तुमची २०११ची हारसुद्धा त्यातच आली. बाहीसकट.

केनेडीरोडकर:
बाही माझ्या कपाटात आहे. मुलगा आता वॉटर्लूला असतो. परवा फोनवर म्हणाला, बाबा, ब्रॅम्प्टनला जाऊया का एकदा, टेडी बेअर टॉसला? पहिला गोल झाला की भालू फेकायचे असतात ना बर्फावर, तो सामना. लहानपणी त्याने स्वतःचा फेकला होता आणि घरी येऊन दोन दिवस तोच मागत बसला होता. म्हटलं बघू.

बटालियनवाला:
या की. पार्किंग मी दाखवतो. येताना हिरवं काहीतरी घाला.

केनेडीरोडकर:
हिरवं अजिबात घालणार नाही.